नाक्यावरचा पलंग

राजदीप दुर्गे यांनी मुलीसाठी स्वतःच्या हातानं पलंग करायचं ठरवलं तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. इथंच खरं तर त्यांनी सावध व्हायला हवं होतं. नवऱ्याच्या बेतांना विरोध करण्यात नूतनबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या दिवसांत त्या मुलीच्या बॅगा भरण्यात, भरलेल्या उपसण्यात आणि पुन्हा भरण्यात इतक्या गुंतल्या होत्या की नवऱ्याचं बोलणं त्यांच्या कानावरून नुसतंच निघून गेलं.

रोशनी ही दुर्ग्यांची एकुलती एक मुलगी. अहेरीच्या सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून तिची नेमणूक झाली होती. गडचिरोलीहून अहेरी म्हणजे काही परदेश नव्हे. सकाळच्या एसटीत बसलं तर माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तरी वस्तीतल्या प्रत्येकानं या नेमणुकीवर आपलं मत नोंदवलं. कुणी तिथल्या डासांविषयी बोललं, कुणी रस्त्यावरच्या लोहखनिजाच्या ट्रकांविषयी, तर कुणी जंगलात फिरणाऱ्या हत्तींविषयी. फक्त राजदीप काही बोलले नाहीत. ते एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते आणि महत्त्वाच्या प्रकरणावर लगेच मत द्यायचं नाही ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. बऱ्याच दिवसांनी, जेवताना, ताटावरून मान न उचलता त्यांनी विचारलं,

"तिथी झोपशील कशावर?"

"लोखंडी खाट भेटते न बाबा बाजारात," रोशनी म्हणाली. "गादी टाकली का झालं."

"खाट म्हणजे काय पलंग होय का?" राजदीप म्हणाले. "आणि तुही नोकरी बदलीची. आज अहेरी, उद्या सिरोंचा, परवा कुरखेडा. दर बदलीले पलंग तोडत बसशील का?"

रोशनीला पलंग मुळात नकोच होता, त्यामुळे तो तोडण्याच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिच्या या गप्प राहण्याला राजदीप यांनी मंजुरी मानली.

त्यांच्या डोक्यात होता तो पलंग साधा नव्हता. तो खोलता येणार होता आणि पुन्हा जोडता येणार होता. फोनवरच्या एका चित्रफितीत त्यांनी इन्सर्ट नावाची वस्तू पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. इन्सर्ट म्हणजे पितळेची एक छोटी नळी. तिला बाहेरून आटे आणि आतूनही आटे. लाकडाला भोक पाडून ती आत पिळून बसवायची, की झालं. मग बोल्ट त्या पितळेत फिरतो, लाकडाला त्याची झळ लागत नाही. शंभरदा खोला, शंभरदा जोडा.

"धरून तर ठेवते," त्यांनी नूतनबाईंना समजावलं, "पण सोडते तवा लाकडाले दुखत नाई."

नूतनबाईंनी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "बीपीची गोळी घेतली काय तुम्ही?"

गोळी घेतलेली होती. राजदीप पूर्ण शुद्धीवर होते.

गडचिरोलीच्या बाजारात इन्सर्ट मागणं हा एक स्वतंत्र अनुभव होता. पहिल्या दुकानदारानं त्यांना बाथरूमच्या नळाचे भाग दाखवले. दुसऱ्यानं विचारलं, "नट पाह्यजे का इन्सर्ट पाह्यजे?" राजदीप म्हणाले, "इन्सर्ट नट." तो म्हणाला, "मंग नट कायले पाह्यजे?" यावर दोघांनी बराच वेळ प्रामाणिकपणे चर्चा केली आणि दोघेही थकून वेगळे झाले. शेवटी तिसऱ्यानं नागपूरहून मागवून दिले. आठ एमएमचे इन्सर्ट आणि त्यांना लागणारे आठ एमएमचे बोल्ट. सागवानाच्या फळ्या आरागिरणीतून आल्या, रीतसर पावतीसकट. ती पावती राजदीप यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. कागद जपून ठेवणं त्यांना जमत होतं. सुतारकाम जमतं की नाही ते अजून कळायचं होतं.

लवकरच कळलं. पहिला इन्सर्ट त्यांनी ताकदीनं पिळला आणि पलंगाच्या पायाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. तो आवाज ऐकून शेजारचे गुणवंतराव कुंपणापाशी आले. गुणवंतराव बल्लारपूरच्या एका कारखान्यात भांडारपाल होते आणि निवृत्तीनंतर सगळ्या वस्तीचं भांडार सांभाळल्यासारखे वागत. कुणाच्या घरी काय आलं, काय मोडलं, काय शिल्लक राहिलं, सगळं त्यांना ठाऊक असे.

"भोक बारीक पाडलं न तुम्ही," ते म्हणाले. "सागवान आहे साहेब, चिखल नाई. मोठं भोक पाडा आन् आट्याले साबण लावा."

राजदीप यांना हा सल्ला आवडला नाही, कारण तो बरोबर होता. त्यांनी दुसऱ्या पायाला मोठं भोक पाडलं. गुणवंतराव घरात जातील म्हणून जरा थांबले, पण ते काही गेले नाहीत. शेवटी त्यांच्यादेखतच राजदीप यांनी इन्सर्टला अंगाचा साबण चोळला. नळी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. त्या दिवसापासून गुणवंतराव रोज येऊन बसू लागले आणि पलंगाचा उल्लेख 'आपला पलंग' असा करू लागले.

काम लांबत गेलं. रुजू होण्याची तारीख काही लांबली नाही. रोशनी अहेरीला निघाली त्या सकाळी पलंगाचा एक पाय आणि उशाकडची फळी एवढंच तयार होतं. एसटी स्टँडवर नूतनबाई रडल्या, रोशनी रडली, तिला सोडायला आलेली तिची मैत्रीणसुद्धा रडली. राजदीप बसच्या खिडकीखाली उभे होते. त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं, निदान त्यांच्या चेहऱ्यावरून तसं वाटत होतं. बस सुरू झाल्यावर ते म्हणाले, "पलंग येते मागून."

एवढंच. रोशनीनं मान हलवली आणि बस वळली.

त्यानंतर राजदीप यांनी दर रविवारी आणि रोज संध्याकाळी काम केलं. पलंग तयार झाला तेव्हा तो खरोखर चांगला झाला होता. बोल्ट लावले की पहाडासारखा उभा, काढले की फळ्यांचा गठ्ठा. त्यांनी तो बैठकीत उभा करून शेजाऱ्यांना दाखवला, मग त्यांच्यासमोर खोलला, आणि कुणी म्हटलं नसतानाही पुन्हा जोडला. गुणवंतराव भारावून गेले. पलंग पाठवायच्या दिवशी ते घरून एक कापडी पिशवी घेऊन आले.

"जास्तीचे राहू द्या," ते म्हणाले. "पोरगी एकटी राह्यते. एखादा हरपला तर कुठी शोधन?"

पिशवीत चांगले जुने, जाडजूड बोल्ट होते. राजदीप यांनी एक हातात घेऊन पाहिला. "हे आठ एमएमचेच न?"

"अडीच सूत," गुणवंतराव म्हणाले. "आमच्या काळी सुतातच मोजत. अडीच सूत म्हणजे आठ एमएमच होय."

आता सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा अडीच सूत आठ एमएमच्या अगदी जवळ, यात शंका नाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, बोटांनाही कळत नाही. फरक आट्यांत असतो. एकाचे आटे जवळजवळ, दुसऱ्याचे जरा विरळ. हे राजदीप यांना माहीत नव्हतं आणि गुणवंतरावांना कधी माहीत असलंच तर ते विसरले होते. पिशवीतले बोल्ट राजदीप यांनी आपल्या बोल्टांच्या डब्यात ओतले, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले.

गाडी लच्छूची होती. लच्छू हा चामोर्शीकडचा चालक. त्याच्याकडे मालवाहू टेम्पो होता. या टेम्पोला सगळीकडे छोटा हत्ती म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या अहेरीच्या आठवडी बाजारासाठी तो कांद्याची पोती घेऊन निघाला होता आणि पोत्यांच्या वर फळ्या टाकायला जागा होती. आष्टी मागं पडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल दाट झालं, आणि आलापल्लीच्या अलीकडे वनखात्याचा एक नाका लागला. तो नेमका कोणता हे सांगायचं कारण नाही. तिथल्या माणसांनी काही चूक केली नव्हती, त्यांनी फक्त आपलं काम केलं.

नाक्यावर करिश्मा नावाची तरुण वनरक्षक होती. खाकी गणवेश, हातात पेन, चेहऱ्यावर हसू नाही. तिनं पोत्यांवरच्या फळ्या पाहिल्या.

"लाकूड कुठचं?"

"लाकूड नाई, पलंग आहे," राजदीप म्हणाले.

करिश्मानं फळ्यांकडे पुन्हा पाहिलं. मग राजदीप यांच्याकडे पाहिलं. "कुठी आहे पलंग?"

"हाच. खोलला आहे."

"पावती दाखवा." राजदीप यांनी प्लास्टिकच्या पिशवीतली पावती काढून दिली. करिश्मानं ती वाचली. "काका, याच्यात सागवान फळ्या लिहिलं आहे. पलंग कुठी लिहिला आहे? फळ्या न्यायच्या तर वाहतुकीचा पास पाह्यजे. फर्निचर असन तर पावती चालते."

"फर्निचरच आहे न मॅडम!"

"मले तर फळ्या दिसून राह्यल्या."

राजदीप यांना एकदम विचित्र वाटलं. वर्षानुवर्षं ते टेबलाच्या पलीकडे बसून लोकांना हेच सांगत आले होते. तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण कागदावर तसं दिसत नाही. त्या वाक्याची चव अलीकडच्या बाजूनं कशी लागते हे त्यांना आज समजलं. त्यांनी इन्सर्टविषयी सांगायला सुरुवात केली. आतले आटे, बाहेरचे आटे, सगळं. करिश्मानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग जोडून दाखवा," ती म्हणाली. "पलंग झाला तर जाऊ देतो. मी कायले अडवून ठेवू?"

लच्छूनं कपाळाला हात लावला. राजदीप मात्र मनातून खूश झाले. बैठकीतल्या शेजाऱ्यांपेक्षा हा प्रेक्षक मोठा होता, कारण तोवर नाक्यावर दोन ट्रकचालक, चहावाला आणि एक बैलगाडीवाला थांबले होते. राजदीप यांनी फळ्या उतरवल्या, नाक्यालगतच्या सपाट जागेवर मांडल्या, डबा उघडला आणि मोठ्या गांभीर्यानं पहिला बोल्ट लावला. तो गेला. दुसरा गेला. तिसरा दोन फेरे फिरून थांबला.

"थंडीनं आवळला असन," चहावाला म्हणाला.

"धूळ गेली असन आतमंधी," बैलगाडीवाला म्हणाला.

राजदीप यांनी जोर लावला. बोल्ट अर्धा फेरा फिरला. मग एका ट्रकचालकानं आपल्या गाडीतून हातभर लांब पाईप आणला, तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि म्हणाला, "सरका काका." पाईप लावला की कुठलाही बोल्ट ऐकतो, अशी त्याची श्रद्धा होती, आणि ती खरी ठरली. बोल्ट करकरत आत गेला. पुढचे काही बोल्ट सुरळीत गेले, काही करकरत गेले. करकरणाऱ्या प्रत्येक बोल्टाला पाईपवाल्यानं "लाव!" असं म्हणत आत घातलं आणि बघ्यांनी माना डोलावल्या. चारही कोपरे जुळले. पलंग उभा राहिला.

करिश्मा जवळ आली. तिनं उशाकडच्या फळीवर हात ठेवून हलवून पाहिलं, मग पलंगावर बसली, जरा इकडून तिकडे सरकली.

"चांगला आहे काका," ती म्हणाली. "कुरकुरत नाई." आणि पावतीच्या मागं शेरा मारून सही केली.

कचेरीत आजवर मिळालेल्या कुठल्याही शेऱ्यानं राजदीप यांना एवढा आनंद झाला नव्हता. तो जेमतेम पान्याला हात घालेपर्यंत टिकला. पलंग खोलायला त्यांनी करकरत गेलेला पहिला बोल्ट उलटा फिरवला, तर तो हलेना. दुसराही हलेना. पाईपवाला ट्रकचालक एव्हाना निघून गेला होता. लच्छूनं आपली ताकद लावली, तर पान्याचं तोंडच फाकलं. चारही कोपऱ्यांत एक-दोन तरी बोल्ट असे होते की ना पुढं जात होते, ना मागं येत होते. तेव्हा कुठं राजदीप यांनी डब्यातले उरलेले बोल्ट तळहातावर घेऊन उन्हात नीट न्याहाळले. काहींचे आटे जवळजवळ होते, काहींचे जरा विरळ.

"गुणवंतराव," ते हळूच म्हणाले. एवढ्या एका शब्दात त्यांनी जे म्हटलं ते सगळं इथं लिहिता येणार नाही.

पोत्यांवर उभा पलंग चढेना. आडवा टाकला तर पाय रस्त्याच्या मध्यापर्यंत जात होते. लच्छूनं दोन्ही प्रकार करून पाहिले आणि मग हात जोडले. "भाऊ, मले बाजारात जागा धरायची आहे. कांदा उतरवून सकाळी वापस येतो. तोवर तुम्ही इथी..." बोलता बोलताच त्यानं गाडी सुरू केली. तो निघून गेला.

राजदीप पलंगावर बसले. दुसरं बसायला काही नव्हतं.

सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक, पांढरा शर्ट, खिशाला पेन, भर रस्त्याच्या कडेला, जंगलात, गादी नसलेल्या पलंगावर. येणारी प्रत्येक एसटी नाक्यावर सावकाश व्हायची आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं बघायची. एका बसमधून त्यांच्याच कचेरीतला अतुल नावाचा लिपिक डोकावला. तो मेहुण्याच्या घरी निघाला होता.

"दुर्गे साहेब! इथी काऊन बसले?"

राजदीप यांनी खिशाचं पेन सारखं केलं. "सहज," ते म्हणाले. बस गेली. सोमवारी हा 'सहज' सगळ्या कचेरीत पोचलेला असणार, हे त्यांना तिथंच स्पष्ट दिसलं.

रोशनीला कळवायला हवं होतं. नाक्यावर फोन लागत नव्हता. रस्त्याच्या त्या बाजूला, चढावर गेलं की नेटवर्कची एखादी कांडी येते, असं करिश्मानं सांगितलं. राजदीप चढावर गेले, हात उंच करून उभे राहिले. फोन लागला, पण धड नाही. ते सांगत होते की छोटा हत्ती पोती घेऊन पुढं गेला, पलंग नाक्यावर अडकला, आपण पलंगापाशी आहोत, काळजी करू नको. रोशनीच्या कानावर पडलं ते एवढंच, "हत्ती... नाक्यावर... मी अडकलो... काळजी..." आणि फोन बंद झाला.

पुढचा भाग राजदीप यांना नंतर कळला. रोशनी दवाखान्यातून तशीच निघाली. तिथल्या एका परिचारिकेची स्कूटी मागून घेतली. आलापल्लीचा चौक तिनं कसा ओलांडला हे तिला स्वतःला आठवत नव्हतं. वाटेत समोरून येणाऱ्या दोघांना तिनं विचारलं, "हत्ती कुठी आहे?" त्यांनी हत्ती पाहिला नव्हता. म्हणजे नाक्यावरच आहे, असा तिनं अर्थ काढला आणि आणखी जोरात गाडी हाणली.

नाक्यावर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. हत्ती कुठंच नव्हता. सागाच्या झाडाखाली एक पलंग होता आणि त्यावर तिचे वडील करिश्माशेजारी बसून चहा पीत होते.

रोशनी स्कूटीवरून उतरली. ती स्टँडवर लावायचं भान तिला राहिलं नाही, स्कूटी आडवी पडली. रोशनी चालत पलंगापर्यंत आली. राजदीप उठून उभे राहिले. चहाचा कप कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"हत्ती?" रोशनी म्हणाली.

"कोणता हत्ती?" राजदीप म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं, लच्छूचा. गाडी."

रोशनी मटकन पलंगावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागली. एसटी स्टँडवर रडली होती त्याहून कितीतरी जास्त. करिश्मा हळूच उठून स्कूटी उचलायला गेली. राजदीप मुलीशेजारी बसले. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, मग तिच्या डोक्यावर ठेवला. ती लहान असताना ताप आला की ठेवायचे तसा.

"मले वाटलं तुम्ही..." ती म्हणाली.

"मी इथीच आहो," राजदीप म्हणाले.

"तुम्ही काही बोलतच नाई बाबा. मी निघाली तवा बी नाई बोलले. मले वाटलं, मी दूर नोकरी घेतली म्हणून तुम्ही रागावले. फोन केला तर तुम्ही पलंगाचंच सांगत राह्यता."

राजदीप यांनी पुष्कळ वेळ विचार केला. इथंही घाईनं मत द्यावं असं त्यांना वाटेना. रस्त्यानं लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक धूळ उडवत गेले. सगळे गेल्यावर ते म्हणाले,

"रागावलो नाई. घरात फार सामसूम झाली. पलंगाचं काम असलं का बरं वाटे."

रोशनीनं ओढणीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्या पलंगाकडे नीट पाहिलं. कडांवर हात फिरवला. कडा गुळगुळीत होत्या. कुठंही हाताला कुसळ लागणार नाही अशा.

"तुम्ही घासलं हे?"

"मंग काय गुणवंतरावानं घासलं?"

ती हसली. मग पलंग कसा अडकला ते राजदीप यांनी तिला सांगितलं, अडीच सुतापासून पाईपापर्यंत. ऐकताना तिला हसू आवरेना आणि राजदीप यांचा चेहरा आणखी गंभीर होत गेला, कारण त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

सूर्य कलता कलता अहेरीकडचा एक ट्रॅक्टर आला. धान केंद्रावर घालून रिकाम्या ट्रॉलीनं परत निघालेला. करिश्मानं तो थांबवला. ट्रॅक्टरवाल्यानं पलंग पाहिला, माणसं पाहिली, आणि काहीही न विचारता ट्रॉलीचं मागचं फळकूट खाली पाडलं. सगळ्यांनी मिळून पलंग जसाच्या तसा वर चढवला. रोशनी स्कूटीवर पुढं निघाली. ट्रॉलीत उभं राहवत नव्हतं म्हणून राजदीप पलंगावर बसले, दोन्ही हातांनी कडा धरून. अहेरीच्या रस्त्यावरून पलंगावर बसून आलेला हा पाहुणा पाहायला पुष्कळ लोक थांबले. काहींनी, कुणी तरी मोठा माणूस असावा अशा समजुतीनं, नमस्कारही केला. राजदीप यांनी तो स्वीकारला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रोशनीची खोली डोमाभाऊंच्या घरात होती. डोमाभाऊ म्हणजे घरमालक, साठीचे, कमी बोलणारे. खोलीला एकच दार, आणि दारासमोर अरुंद बोळ. पलंग उभा धरला, आडवा धरला, तिरका धरला. उशाकडची फळी प्रत्येक वेळी चौकटीत अडकली. डोमाभाऊंनी चौकटीकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, आणि त्यातल्या त्यात चौकटीची बाजू घेतली.

"चौकट नाई काढाची," ते म्हणाले.

शेवटी पलंग बाहेरच्या ओसरीवर ठेवला. पत्र्याची ओसरी, समोर तुळशीएवढं अंगण, पलीकडे रस्ता. ओसरीला तो अगदी मापात बसला. जेवायच्या आधीच डोमाभाऊ त्यावर येऊन बसले, त्यांची म्हातारी आई आली, शेजारची दोन बायामाणसं आली, आणि दवाखान्यातल्या गोळ्या कधी घ्यायच्या, जेवणाआधी की नंतर, हे रोशनीला विचारू लागली. रोशनी त्यांच्यात मांडी घालून बसली आणि एकेकीला समजावू लागली. राजदीप दाराशी उभे राहून बघत होते. आपली मुलगी इतकं बोलते हे त्यांना नवीन होतं.

सकाळी राजदीप यांची परतीची बस होती. त्याआधी बाजार. रोशनीला बादली, झाडू आणि तवा घ्यायचा होता. बाजारात लच्छू कांद्यांमागे बसलेला दिसला. राजदीप यांना पाहताच त्यानं डोळे चुकवले आणि मग एक मोठा कांदा भेट म्हणून दिला. पुढं एक लोखंडी सामानाचं दुकान होतं. राजदीप यांचे पाय आपोआप तिकडं वळले. त्यांनी दुकानदाराला सगळी हकीकत सांगितली. तो मान हलवत ऐकत राहिला. असे पुष्कळ बोल्ट त्यानं पाहिले असावेत.

"आडवे आटे बसले न," तो म्हणाला. "ते वापस नाई येत. कापावं लागते." त्यानं खुंटीवरची लोखंड कापायची करवत काढली. "घर कुठी आहे? मी येतो संगं. घटकाभरात सारे बोल्ट कापून देतो. इन्सर्ट मागून मागवा, तोवर साधे नटबोल्ट टाका. दुपारपर्यंत पलंग खोलीत."

राजदीप यांचा चेहरा उजळला. कालपासून पहिल्यांदाच त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला. "चला," ते म्हणाले. "बस दुपारची पकडतो मी."

"राहू द्या," रोशनी म्हणाली.

"अगं, घटकाभराचं काम आहे म्हणतात ते."

"राहू द्या बाबा. ओसरीवर चांगला आहे." तिनं हातातल्या झाडूच्या काड्या सारख्या केल्या. "पुढच्या महिन्यात या. तवा पाहू."

"पुढच्या महिन्यात कायले? आता हा माणूस तयार आहे, करवत आहे, मी इथीच आहो..." राजदीप बोलता बोलता थांबले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती झाडूकडेच बघत होती.

बऱ्याच प्रकरणांवर त्यांनी आजवर महिनोन् महिने मत दिलं नव्हतं. या प्रकरणावर मात्र ते लगेच दिलं.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात येतो. तुह्या आईलेही आणतो."

दुकानदारानं करवत पुन्हा खुंटीला टांगली. मग बापलेक तवा बघायला पुढच्या दुकानाकडं गेले.